नीराची सुटका कुणी केली?



बचत गटाची बैठक म्हटली की वर्गणी, कर्जाचे हप्ते आणि पासबुक हे विषय आलेच. आमच्या प्रभागातल्या काही गटांनी मात्र त्याला एक जोड दिली आहे. महिन्यातून एकदा हिशेब आटोपला की समाजमंदिराच्या भिंतीवर एक जुना सिनेमा लावायचा आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे भांडायचंच म्हणा. आणि भांडण दरवेळी शेवटावरून होतं. कथा आवडते, गाणी आवडतात, नटी आवडते आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘सगळं छान, पण शेवट काही पटला नाही बाई.’ झालं, चहा गार होतो.

आज मी तुम्हाला अशाच तीन सिनेमांच्या आणि एका नाटकाच्या शेवटाबद्दल सांगणार आहे. मी बी.ए.ला इतिहास शिकले. त्यामुळे शेवट पटला की नाही, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्या काळी तो सिनेमा निघाला, त्या काळी त्या बाईपुढे दुसरा कोणता रस्ता होता, हे मला आधी बघावंसं वाटतं. ते बघितलं की जुना सिनेमा आपल्याशी वेगळंच बोलू लागतो.

सुरुवात करू ‘कुंकू’पासून. साल १९३७. पुण्याची प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. हाच सिनेमा हिंदीत ‘दुनिया न माने’ नावाने निघाला. नीरा ही आईबापाविना वाढलेली पोर. मामा-मामी पैशाच्या लोभाने तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. काकासाहेबांना मोठा मुलगा आहे, मुलगी आहे. नीराचं काम केलंय शांता आपटे यांनी आणि काकासाहेबांचं केशवराव दाते यांनी.

आता त्या काळातली दुसरी एखादी नायिका असती तर रडत बसली असती, देवापुढे दिवा लावला असता. नीरा तसं करत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती घरात राहून, रोज, उघडपणे सांगते. ती काकासाहेबांना नवरा मानत नाही. सावत्र मुलगा वाईट नजरेने जवळ येतो तेव्हा ती त्याला छडीने बडवून काढते. आमच्याकडे त्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. सिनेमात पार्श्वसंगीत नाही, जे आवाज येतात ते त्या घरातलेच. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक फार अंगावर येते.

आणि शेवट? काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते नीराला पत्र लिहून ठेवतात, तिने पुन्हा लग्न करावं असं सांगतात आणि स्वतःचं आयुष्य संपवतात.

आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एक ताई म्हणाल्या, ‘म्हाताऱ्याला शेवटी शहाणपण आलं, माणूस वाईट नव्हता.’ दुसरी एक जण तावातावाने म्हणाली, ‘दोन तास ती एकटी लढली आणि शेवटी सुटका कुणी केली? त्यानेच. जाताना सुद्धा पुढे काय करायचं ते त्यानेच लिहून ठेवलं. तिला कुणी विचारलं का?’ तिसरीचं म्हणणं होतं की दिग्दर्शक घाबरला. नीराला घराबाहेर पडताना दाखवलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या, म्हणून म्हाताऱ्याला मारून टाकलं.

मलाही तो शेवट आधी कच्चा वाटायचा. पण मग त्या काळचा कायदा काय होता ते बघितलं आणि माझं मत थोडं हललं.

मैत्रिणींनो, १९३७ साली मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या भागात, नीरासारख्या घरातल्या हिंदू बाईला घटस्फोट घ्यायचा म्हटलं तर कायदाच नव्हता. आमच्या गटातल्या एका वयस्कर मावशींनी लगेच हरकत घेतली. ‘आमच्यात काडीमोड होती की! काडी मोडायची, पंचांपुढे सांगायचं आणि बाई पाट लावायला मोकळी.’ मावशींचं बरोबर आहे. कष्टकरी जातींमध्ये काडीमोड आणि पाट ही रूढी होती. ती पंचांच्या हातात असे, तिला पैसा मोजावा लागे, पण दार होतं. नीरासारख्या पांढरपेशा घरात ते नव्हतं. तिथे लग्न म्हणजे जन्माची गाठ. आपण ज्यांना पुढारलेले समजतो, त्यांच्या लेकीसुना या एका बाबतीत जास्त बांधलेल्या होत्या.

शेजारच्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई इलाख्यात तो यायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे ‘कुंकू’ निघाल्यावर दहा वर्षांनी.

मग बालविवाहाचा कायदा? तो १९२९ साली झाला. त्याला शारदा कायदा म्हणतात. त्यात मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. पण नवरा किती म्हातारा असावा यावर काही बंधन नव्हतं. मुलगी १४ च्या पुढे असली की नवरा साठीचा असला तरी कायद्याला त्याचं काही नव्हतं.

बरं, नीरा नुसती निघून गेली असती तर? इथे मला रखमाबाईंची आठवण सांगितलीच पाहिजे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठं झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी बायकांसाठी आयुष्यभर काम केलं. नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकायची तरतूद १९२३ साली गेली. पण लग्न काही सुटत नव्हतं. नीरा घराबाहेर पडली असती तरी मरेपर्यंत काकासाहेबांची बायकोच राहिली असती. दुसरं लग्न नाही, नाव नाही, आधार नाही.

आता काय उरलं बघा. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ पासून परवानगी होती. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात नीराला नवं आयुष्य सुरू करायला एकच वाट होती, नवऱ्याचं मरण. काकासाहेब वकील आहेत, हे विसरू नका. कायदा त्यांना पाठ असणार. नीराला सोडायचं तर ते सोडचिठ्ठी लिहू शकत नव्हते, कारण तसा कागद त्यांच्या समाजात चालत नव्हता.

म्हणून मी गटात म्हटलं, या शेवटाला भित्रा म्हणण्याआधी थांबा. तो शेवट एका बंद दाराचं चित्र आहे. पोरगी कितीही शूर असो, बाहेर पडायची वाट तिच्या हातात नव्हती. शेवट आपल्याला पटत नाही, ते बरोबरच आहे. तो पटूच नये. कादंबरीचं नावच ‘न पटणारी गोष्ट’ आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. त्याच १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा झाला. शेतजमीन त्यात धरली नव्हती. पण १८५६ च्या कायद्याप्रमाणे बाईने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीवरचा तिचा हक्क साधारणपणे जात असे. म्हणजे हिस्सा हवा तर विधवा राहा, संसार हवा तर हिस्सा सोड. हे ऐकून आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, ‘कर्ज देतानाच व्याज कापून घेतल्यासारखं झालं हे!’

‘कुंकू’च्या आधी ३८ वर्षं, १८९९ साली, हाच विषय मराठी रंगभूमीवर येऊन गेला होता. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’. पैशासाठी बाप पोटच्या पोरीला म्हाताऱ्याला द्यायला निघतो. तिथे लग्न कशामुळे मोडतं? वधू-वर एकाच गोत्राचे आहेत म्हणून! मुलगी नको म्हणते, म्हातारा थेरडा आहे, हे सगळ्यांना दिसतंय, पण तेवढ्यावर लग्न मोडत नाही. गोत्र आडवं येतं तेव्हा मोडतं. आणि जाता जाता, शारदा कायदा या नाटकावरून नाही आला बरं का. तो कायदा मांडणारे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडलं.

म्हणजे शारदेला गोत्राने सोडवलं आणि नीराला मरणाने. दोघींची सुटका दुसऱ्याच कशाने तरी झाली.

‘कुंकू’नंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, शांतारामांनीच ‘माणूस’ काढला. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई आणि मैना नावाची वेश्या. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्या काळात ‘देवदास’ फार गाजला होता, प्रेमात दारू पिऊन मरणारा नायक. शांतारामांना त्याला उत्तर द्यायचं होतं, की माणसाने जगायचं असतं. आणि गणपत जगतो. पण मैना? तिला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, ती जन्मठेपेवर जाते आणि गणपत सोडवायला तयार असताना ती नको म्हणते.

या शेवटावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. एक जण म्हणाली, ‘मैना खरी मोठी, तिने स्वतः ठरवलं.’ त्यावर दुसरी म्हणाली, ‘ठरवलं खरं, पण काय ठरवलं? गजांच्या आत राहायचं. गणपतला उपदेश जगण्याचा आणि मैनेला कोठडी.’ मला दोघींचं पटतं. ‘कुंकू’त बाईचा निर्णय दुसऱ्याने घेतला. ‘माणूस’मध्ये निर्णय तिचा आहे, पण निवडायला दोन बऱ्या गोष्टीच नाहीत. निवड खरी कधी? निदान एक तरी रस्ता जगण्याकडे जात असेल तेव्हा. नाहीतर ती नुसती समजूत.

इथे पडद्याबाहेरच्या दोन बायकांबद्दल सांगायला हवं. नीरा साकारणाऱ्या शांता आपटे यांचा त्याच १९३९ साली प्रभात कंपनीशी वाद झाला, तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. एक नटी, रस्त्यावर, एकटी. आणि ‘कुंकू’त काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम केलं ते शकुंतला परांजपे यांनी. नीराच्या बाजूने उभी राहणारी त्या घरातली ही लेक. खऱ्या आयुष्यात शकुंतलाबाईंनी र. धों. कर्व्यांसारखाच संततिनियमनाचा प्रचार केला, तोही लोक नाकं मुरडत असताना. पुढे त्या राज्यसभेतही होत्या. म्हणजे बायका तयार होत्या. कायदा आणि समाज मागे होता.

कायदा पुढे यायला काय पडलं, तेही थोडक्यात. १९४६ साली मुंबई इलाख्यात हिंदू नवऱ्याला दुसरी बायको करायला बंदी झाली, १९४७ साली घटस्फोटाचा कायदा आला. साऱ्या देशासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते अडवून धरलं गेलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे मोठं कारण होतं. अखेर १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. एका बाईला कोर्टाच्या पायरीवर जाऊन ‘मला हे लग्न नको’ म्हणता यावं, यासाठी रखमाबाईंपासून मोजलं तर सत्तर वर्षं गेली.

आता तिसरा सिनेमा. १९८२ चा ‘उंबरठा’. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सुलभा महाजन म्हणजे स्मिता पाटील. तिचा नवरा सुभाष म्हणजे गिरीश कार्नाड. गंमत बघा, हाही वकीलच. सुलभा शिकलेली आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. ती स्त्रियांच्या आधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी नोकरी धरते. लहान मुलगी घरी जावेजवळ राहते. आधारगृहातला भ्रष्टाचार, तिथल्या बायकांचे हाल, यांच्याशी झगडून ती राजीनामा देऊन परत येते. घरी येऊन बघते तर मुलगी दुरावलेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. सुलभा घर सोडते. शेवटी ती रेल्वेत बसलेली दिसते. कुठे चालली, पुढे काय करणार, सिनेमा सांगत नाही.

‘कुंकू’च्या वेळी चहा गार झाला होता, इथे बैठकच दुसऱ्या दिवसावर गेली. निम्म्याजणी म्हणाल्या, हा काय शेवट? गाडी कुठे पोचली ते तरी दाखवा. आणि मुलीचं काय? ‘बाई सगळं सोडेल, लेकरू कसं सोडेल?’ हे वाक्य तर चार जणींनी चार वेळा म्हटलं. तेव्हा एक जण, एरवी बैठकीत तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, ‘मी लेकरासाठी राहिले. आता लेकरू म्हणतंय, आई, तू का राहिलीस?’ कुणी काही बोललं नाही. हिशेबाची वही मिटून आम्ही उठलो.

मला ‘उंबरठा’चा शेवट पटतो, पण सुलभा बरोबर वागली म्हणून नव्हे. तिचं बरोबर की चूक, हे प्रत्येकीने आपापलं ठरवावं. मला तो पटतो कारण सुलभाला बाहेर काढायला कुणाला मरावं लागलं नाही, गोत्र आडवं यावं लागलं नाही, तुरुंगाचं दार उघडावं लागलं नाही. ती स्वतःच्या पायाने निघाली. पायाखाली तिचं शिक्षण होतं, कामाचा अनुभव होता आणि मागे कायदाही होता. गाडी कुठे जाते ते दिसत नाही, हे खरं. पण शारदा आणि नीरा यांच्या गोष्टीत गाडीच नव्हती.

आता माझा मुद्दा सांगते. जुने शेवट बघून आपण हसतो, चिडतो, म्हणतो काय तो काळ. आणि मग शेजारची पोर मारहाण सोसून माहेरी येते तेव्हा आपण काय सांगतो? ‘थोडं सोस, त्याला अक्कल येईल.’ ‘सासू किती दिवसांची आहे?’ ‘मूल झालं की सुधारेल.’ मैत्रिणींनो, हा तर ‘कुंकू’चाच शेवट झाला! कुणाला तरी उपरती होईल किंवा कुणीतरी मरेल, तोवर बसून राहा. १९३७ सालच्या सिनेमाला तो शेवट करावा लागला, कारण दार बंद होतं. आपण दार उघडल्यावरही तोच सल्ला देतोय.

दारं कोणती, तेही सांगते, म्हणजे नुसतं बोलून सोडलं असं व्हायला नको. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश कोर्टाकडून मिळवता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे कोणत्याही बाईला वकील मोफत मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महिलांसाठी १८१ हा फोन नंबर आहे. प्रत्येकीने घर सोडावं असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणींना सोडायचं नसतं, नीट राहायचं असतं. पण राहणं ही निवड असावी, नाइलाज नको. आणि निवड करता यावी म्हणून हातात चार पैसे लागतात, स्वतःच्या नावाचं खातं लागतं, चार बाया पाठीशी लागतात. आपला गट आणखी कशासाठी आहे?

पुढच्या बैठकीसाठी आम्ही ‘मदर इंडिया’ निवडला आहे. १९५७ सालचा, नर्गिसचा. त्यात आई पोटच्या पोरावर गोळी झाडते. निर्णय तिचा आहे, हात तिचा आहे, मग तो शेवट तुम्हाला पटतो का? तुमच्या गटातही बघा, भांडा आणि तुमचं म्हणणं आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन सांगा. फक्त एक नियम पाळा. ‘मला पटलं नाही’ एवढ्यावर थांबायचं नाही. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं आणि ते करायला तुमच्या हातात तेव्हा काय होतं, आज काय आहे, तेही सांगायचं.